कपाट साडेसत्त्याण्णव टक्के बंद

आवक-जावक विभागातले लोखंडी कपाट सोमवारी सकाळी उघडेना. आत टंकलेखिकाबाईंच्या बदलीची फाइल होती. त्यांची आई दुसऱ्या गावी अंथरुणाला खिळलेली. पाचच्या आत मूळ कागद वरच्या कार्यालयात गेले नाहीत, तर बदली वर्षभर लांबणार होती.

साहेब नुकतेच सामूहिक शहाणपणाचे तीन दिवसांचे प्रशिक्षण घेऊन आले होते. त्यांनी कपाटाला हात लावण्यास सर्वांना मनाई केली. एकट्याने हात लावला की तो वैयक्तिक उपक्रम ठरतो. कार्यालयातल्या चाळीसही जणांनी बिघाडाचे कारण चिठ्ठीवर लिहून द्यायचे होते. मते पूर्णपणे स्वतंत्र असावीत म्हणून साहेबांनी आपले मत आधीच जाहीर केले: कुलूप बिघडले आहे.

चिठ्ठ्या मोजायला जेवणाची सुट्टी उलटून गेली. एकोणचाळीस जणांनी कुलूप लिहिले होते, टंकलेखिकाबाईंनीसुद्धा. फरशी पुसणाऱ्या मावशींना लिहिता येत नसल्याने त्या तोंडीच म्हणाल्या, "कुलूप उघडंच आहे. दार खाली घासतं. गुडघ्यानं जरा उचलायचं."

"मावशी, तुमचं मत मोलाचं आहे," साहेब म्हणाले, "पण ते एकच आहे."

कपाट साडेसत्त्याण्णव टक्के बंद असल्याची नोंद झाली. कुलूप तोडावे की कपाट बदलावे, यावर गट पडले, उपगट पडले, चहा झाला. साडेचारला टंकलेखिकाबाईंनी हळूच विचारले, "साहेब, एकदा दार उचलून बघू का?"

"अडीच टक्क्यांच्या भरवशावर?" साहेबांनी प्रेमाने समजावले. बाई खाली बसल्या.

सव्वापाचला, नवे कपाट मागवण्याच्या ठरावावर सह्या चालू असताना, मावशींनी त्याच कपाटातली फिनेलची बाटली काढायला दाराला गुडघा लावला. दार उघडले.

साहेब जराही डगमगले नाहीत. त्यांनी फेरमतदान घेतले. कपाट उघडे आहे, यावर चाळीसपैकी चाळीस. सामूहिक शहाणपण वाढते असते, हे सिद्ध झाल्याचा अहवाल त्यांनी तिथेच सांगून टंकलेखिकाबाईंकडून टाइप करून घेतला.

घरी जाऊन बाईंनी आईला फोन लावला. यंदा येणं जमत नाही, म्हणाल्या. मग कपाटाचं सगळं सांगून म्हणाल्या, "आई, कुलूप उघडंच आहे हे मला आधीच दिसत होतं गं. तरी मी सगळ्यांसारखंच लिहिलं."

"जाऊ दे," आई म्हणाली. "तुझ्या जागी कुणीही तेच लिहिलं असतं."