बापूकाकांची केशरी माशी

ऐन आरतीत बापूकाकांनी माझ्या बायकोच्या पदराचा दोरा उपटला. इंग्लंडातल्या बेसिंगस्टोकच्या कम्युनिटी हॉलमध्ये आमचा गणपती, सगळे टाळ्या वाजवतायत, आणि हे गृहस्थ तो दोरा चष्म्यापाशी धरून उजेडात बघत उभे.

"अहो काका, नवी साडी आहे!" अनघा किंचाळलीच.

"म्हणूनच घेतला. जुनीचा रंग उडालेला असतो," असं म्हणून काकांनी दोरा पाकिटात ठेवला आणि पुढच्या कडव्याला बिनदिक्कत टाळ्या धरल्या.

बापूकाका म्हणजे डोळ्यांचे निवृत्त डॉक्टर. सांगलीहून आले, चाळीस वर्षं इथल्या हॉस्पिटलांत ऑपरेशनं केली आणि आता आमच्या शेजारच्या घरात बसून माशा बांधतात. मारत नाहीत हं, बांधतात. ट्राउट मासा पाण्यावर बसलेली माशी खायला वर येतो. म्हणून गळावर केस, पिसं, दोरा गुंडाळून हुबेहूब खोटी माशी करायची, नदीवर तरंगत सोडायची आणि त्याला फसवायचं. काका पक्के शाकाहारी. पकडलेल्या माशाला "सॉरी हं" म्हणून परत सोडतात. मग पकडायचा कशाला, असं मी एकदा विचारून बसलो.

"तू क्रिकेट बघतोस ना? मग बॉल घरी घेऊन येतोस का?"



रस्त्यात कुत्रं दिसलं की काका आधी त्याच्या अंगावरून हात फिरवणार, केस बोटांत चोळून बघणार, मग मालकाला गुड मॉर्निंग. समोरची बाई तर आपला लॅब्रडॉर विंचरून केसांची पुडी यांच्या लेटरबॉक्समधून टाकते. मी केस कापून आलो की माझ्याकडे बघून खेदानं मान हलवतात. "तुझे काही उपयोगाचे नाहीत. जड. बुडतील."

त्यांच्या फ्रंट रूममध्ये टेबलाला एक छोटा शिकंजा लावलाय, त्यात नखाएवढा गळ. ऑपरेशनची भिंगं डोळ्यांवर चढवून काका बसले की समोरच्यानं शिंकायचंसुद्धा नाही. "हात स्थिर, तोंड बंद!" हे पूर्वी नर्सला सांगायचे, आता मला. कॅडिस नावाच्या माशीवर त्यांचा फार जीव. ती पंख पाठीवर घराच्या छपरासारखे मिटून बसते. त्या पंखांना हरणाचेच केस लागतात, कारण ते चांगले तरंगतात. मानेला कोंबड्याचं पीस. एकदा त्यांनी मला बांधायला बसवलं. अर्धा तास घाम गाळून मी जे काही केलं ते त्यांनी चिमट्यात धरून उलटसुलट पाहिलं. "छान. मेथीची जुडी छान झालीय."

यंदा मात्र वेड फारच वाढलं. एरवी सगळा मामला मातकट रंगांचा. या वर्षी काकांना भडक रंग हवेसे झाले. गुलाबी, पोपटी, जे दिसेल ते ओढायचं. शेवटी रस्ता खणणाऱ्या माणसाकडून त्याचं फाटकं केशरी जॅकेट मागून आणलं आणि त्याच्या धाग्याची शेंडी माशीच्या पाठीवर बांधली.

"काका, मासे पळतील हो हे बघून!"

"माशाला खालून पोट दिसतं. पोट मातकटच ठेवलंय. शेंडी माणसाला दिसायला आहे."

"कुठल्या माणसाला?"

काकांनी भिंगं काढून ठेवली. "हॅरल्डला."

हॅरल्ड पलीकडच्या गल्लीत राहतो. पोस्टमन होता, आता ऐंशी उलटलीय. काकांना मासेमारी शिकवली ती त्यानं. काकू गेल्या तेव्हा काका घराबाहेर पडेनात, तर हा रोज सकाळी रॉड घेऊन दारात उभा. बोलायचा काही नाही, नुसता थांबायचा. शेवटी काकांनाच लाज वाटून बूट घालावे लागले. दोन वर्षांपूर्वी त्याच्या डोळ्यांचे पडदे झिजले. इंजेक्शनं झाली, सगळं झालं. आता समोरचं सगळं धुरकट. "पाण्यावरची माशीच दिसत नाही, डॉक्टर, मग कशाला यायचं?" म्हणाला आणि रॉड गॅरेजमध्ये टाकून दिला.

"त्याला एकदा तरी माशी दिसली पाहिजे रे," काका म्हणाले. "एकदा दिसली की तो पुन्हा यायला लागेल." तेव्हा मला कळलं, हा म्हातारा जानेवारीपासून कशासाठी लोकांचे पदर ओढतोय.

सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी, सीझन संपता संपता, मी दोघांना गाडीत घालून नदीवर नेलं. संध्याकाळचं ऊन होतं. काकांनी केशरी शेंडीची माशी दोरीला बांधली आणि हॅरल्डच्या हातात रॉड दिला. हॅरल्डनं तो मागे नेला आणि झोकात दोर पुढे फेकला. हात काही विसरला नव्हता. पण दोर मागे गेला तेव्हाच माशी मागच्या विलोच्या झाडाच्या फांदीत अडकून तुटली होती. मी पाहिलं, काकांनीही पाहिलं. माशी आमच्या डोक्यावर लटकलेली आणि नदीवर नुसता दोर.

हॅरल्ड मात्र प्रश्नाची वाट बघत होता, तेव्हा काकांना ठरवलेलं विचारणं भागच होतं. "दिसतेय का रे?"

हॅरल्डनं पाण्याकडे मान वळवली. चेहरा असा उजळला त्याचा! "क्लिअर ॲज डे, डॉक्टर! काय सुंदर तरंगतेय!"

काका त्याच्याशेजारी उभे राहून मोकळ्या पाण्याकडे बघत राहिले. "हो, फारच सुंदर," म्हणाले.

हॅरल्डला घरी सोडलं. गाडीत आम्ही दोघंच. 

"चाळीस वर्षं मी माणसांना 'दिसतंय का' विचारलंय," काका म्हणाले. "डॉक्टरला वाईट वाटू नये म्हणून काही जण उगाच हो म्हणतात. फार रागवायचो मी त्यांच्यावर. खोटं बोललात तर मी इलाज कसा करू, म्हणायचो." खिशातून रुमाल काढून त्यांनी डोळे पुसले, काही लपवलं नाही. "आज नाही रे रागवता आलं."

घर आलं. काका उतरले आणि दारातून आत डोकावले.

"एप्रिलमध्ये सीझन सुरू झाला की त्याला पुन्हा न्यायचंय. तोवर तुला कुठे भेटला आणि त्यानं विचारलं, तर सांग, तूही पाहिलीस. छान तरंगत होती."