हवानाला जायची रांग

हवानाला जायचं ठरल्यापासून बायामोतली अर्धी गल्ली ओदालीसला शहाणपण शिकवत होती. शेजारच्या सेनाइदानं तर यादीच लिहून आणली: समुद्रावरचा किल्ला, कॅथेड्रलचा चौक, जुन्या गल्ल्या.

"साठीत पहिल्यांदा चाललीयस, जरा बघून तरी ये," सेनाइदा म्हणाली.

"किल्ला कुठं पळून चाललाय?"

जाणार होती ती लेक, यानेत. गुरुवारी ती चार महिन्यांच्या तान्हीला घेऊन हवानाहून कायमची स्पेनला निघणार होती, आणि त्या नातीला ओदालीसनं अजून एकदाही मांडीवर घेतलं नव्हतं. फोनवर बाळ दिसतं, हसतंही. पण त्याच्या टाळूचा वास फोनमधून येत नाही. आज मंगळवार. रात्रीच्या गाडीचं तिकीट मिळालं, तर बुधवारचा अख्खा दिवस हाताशी होता.

सकाळी ती बसस्थानकापाशी पोचली, तेव्हा कमानीखाली पन्नासेक माणसं सावली बघून विखुरली होती. रांगेत उभं कुणी राहतच नाही. यायचं, विचारायचं, आपल्या पुढचं माणूस डोळ्यांत भरून घ्यायचं आणि बसून राहायचं.

"शेवटचं कोण?" तिनं विचारलं.

पिवळ्या सदऱ्यातल्या एका म्हाताऱ्यानं बोट वर केलं. कशाच्या रांगेतला शेवटचा, हे विचारायचं तिला सुचलंच नाही.

मग तिनं त्या सदऱ्यावरची नजर ढळू दिली नाही. म्हातारा पंक्चरवाल्याकडे गेला, ही मागोमाग गेली. तो मुतारीत शिरला, ही बाहेर उभी राहिली. शेवटी त्यालाच राहवेना.

"बाई, मी विधुर आहे खरा, पण मला घाई नाही."

"मला आहे. तुमच्या मागे माझा नंबर आहे. तुम्ही हरवलात तर मी कुणाकडे बघायचं?"

अडीच तासांनी म्हाताऱ्याचा नंबर लागला. खिडकीतून त्याच्या हातात कोंबडीच्या गोठलेल्या तंगड्यांची पिशवी आली. पाठोपाठ तिच्याही हातात.

"हे काय?"

"कोंबडी. तीन आठवड्यांनी आलीय," आतला माणूस म्हणाला.

"आणि तिकिटं?"

"ती रांग त्या खांबापलीकडे, मावशी. कोंबडी परत देताय?"

बायामोत अजून तरी कुणी कोंबडी परत दिलेली नाही. पिशवी छातीशी धरून ती खांबापलीकडे धावली. तिथं तिच्या पुढे शेवटचा होता एक ट्रॉम्बोन वाजवणारा. तासाभरानं तो खिडकीशी पोचला, तिकीट घेऊन वाद्यासकट बाजूला झाला आणि ओदालीस पुढे सरकली.

"रात्रीची भरली," आतली बाई म्हणाली.

"उद्याची?"

"उद्याची गाडी गॅरेजात पडलीय. आता जेवण झाल्यावर या." आणि फळी लागली.

ओदालीस तिथंच उभी राहिली. जायचं तरी कुठं, हेच कळत नव्हतं. कोंबडी वितळून बुटांवर ठिबकत होती. पाच मिनिटांत केसांना रोलर लावलेली एक बाई आली.

"शेवटचं कोण?"

"मी," ओदालीस म्हणाली. खोटं नव्हतं.

बाईनं ठिबकती पिशवी पाहिली आणि मुकाट्यानं मागे उभी राहिली. तिच्यामागे दोघं आले, मग सातजण. या खिडकीवरही कोंबडी मिळणार, ही बातमी शेवटापासून पुढे आली. एका गृहस्थानं कागद काढून नंबर लिहायला घेतले.

"तुमचा पहिला, मावशी. हलू नका बरं, सगळ्यांचा हिशेब चुकेल."

तेव्हा कोपऱ्यात जाऊन डोळे पुसायचीही सोय उरली नाही.

फळी उघडली. गर्दी बघून तिकिटवाली दचकली.

"इथं कोंबडी नाही. शुक्रवारची हवानाची तिकिटं आत्ताच सुटलीत. कुणाला हवीत?"

अर्धी रांग पांगली. उरलेली, एवढं उभं राहिलोच आहोत तर, म्हणून थांबली.

"पहिला नंबर मावशींचा," कागदवाला म्हणाला.

ओदालीसनं नको म्हणायला तोंड उघडलं. मागून कुणीतरी कुरकुरलं, "आटपा की." आयुष्यात कुठल्याच रांगेत तिचा पहिला नंबर लागला नव्हता. तिनं ओळखपत्र पुढे सरकवलं.

"खिडकीजवळची जागा दिलीय," तिकिटवाली मायेनं म्हणाली.

"नशीब काढलंत हो," रोलरवाली म्हणाली. "कोण असतं तिकडं?"

"लेक आणि नात," तिकिटाची घडी घालत ओदालीस म्हणाली. "गुरुवारपर्यंत."