नत्थूजींनी वाजवून घेतलेली हार्डडिस्क

देवकीचं पत्र आलं तेव्हा नत्थूजी इतवारीतल्या आपल्या भांड्यांच्या दुकानात पाण्याचा पितळी गुंड वाजवून पाहत होते. साल एकोणनव्वद. लेकीची लग्नानंतरची पहिली दिवाळी. जावई दिवाळसणाला येणार आणि लेक भाऊबीजेपर्यंत राहणार, हे त्यांनी कुणालाही न विचारता ठरवून टाकलं होतं. पत्रात मात्र निराळंच होतं.

"लक्ष्मीपूजनाला येऊ, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी निघू. यांना कॉम्प्युटरवरच्या गेमशिवाय करमत नाही. आपल्याकडच्या कॉम्प्युटरला हार्डडिस्क नाही, मग गेम ठेवणार कुठे?"

नत्थूजींकडे कॉम्प्युटर होता. दुकानाचा हिशेब ठेवील म्हणून कुणीतरी गळ्यात मारलेला, आणि वरच्या खोलीत चादर पांघरून बसलेला. हार्डडिस्क कशाशी खातात हे काही त्यांना ठाऊक नव्हतं. लेक एका रात्रीपुरती येणार एवढं मात्र नीट कळलं, आणि त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही.

"मंग घेऊन या ना ते," त्यांच्या पत्नी तुळसाबाई म्हणाल्या. "पोरीपेक्षा का जास्त आहे?"

सीताबर्डीवरच्या कॉम्प्युटरच्या दुकानदाराने काउंटरवर दोन हार्डडिस्क ठेवल्या. "काकाजी, ही नवीन, जरा महाग. वीस एमबी. भरपूर गेम राहतीन. अन् ही जुन्या टाइपची, दहा एमबी."

नत्थूजींनी एकेक हातात एकेक घेतली. चाळीस वर्षं या हातांनी तांब्या-पितळेचं वजन काट्याआधी सांगितलं होतं. नवी किलोभरसुद्धा भरत नव्हती. जुनी चांगली तीन किलोला टेकत होती.

"हलकी महाग काहून आहे?"

"नवीन टेक्निक आहे. कमी वजनात जादा माल मावते."

नत्थूजींचा चेहरा गंभीर झाला. कमी वजनात जादा माल देणारे इतवारीत पुष्कळ येऊन गेले होते, आणि त्यांच्या भांड्यांना वर्षाच्या आत भोकं पडली होती. त्यांनी हलकी हार्डडिस्क कानाशी धरली आणि बोटातल्या अंगठीने तिच्यावर दोनदा ठोकलं.

"काकाजी! काहून ठोकून राहिले तिले?"

"वाजवल्याबिगर मी माल घेत नाही."

"गुंड नाही आहे जी ते!"

हलकीचा आवाज बद्द निघाला. जुनीचा खणखणीत आला. "हेच बांधा," नत्थूजी म्हणाले. "अंगानं भरलेली आहे."

घरी ती बसवून चालू केली तेव्हा खिडकीची तावदानं थरथरली. "गिरणी आणली का जी?" तुळसाबाईंनी खालून विचारलं. जोर आहे म्हणून आवाज आहे, असं नत्थूजींनी समजावलं. इतवारीत नवा माल आला की शेजाऱ्याने तो वाजवून पाहायचा, हा रिवाजच. त्यामुळे समोरचे कवडूजी आले, त्यांनी टिचकी मारली. त्यांच्या मागून बळीराम आले, त्यांनी आपल्या किल्ल्यांचा जुडगा वापरला. दोघांनी माल पास केला.

लक्ष्मीपूजनाला जावई मनोहरराव फ्लॉपींचा खोका घेऊन आले. हार्डडिस्क पाहून त्यांचा चेहरा पडला, पण दिवाळसणाचा जावई तोंडावर काय बोलणार? आठ गेम भरले आणि जागा संपली. संध्याकाळभर ते खेळले. पाडव्याच्या सकाळी पाहतात तर घरघर चालू, पण कॉम्प्युटरला हार्डडिस्क सापडेना.

"बाबा, हिला कुणी ठोकलं-बिकलं नाही ना?"

"छे! काहून ठोकीन कोणी?" नत्थूजी म्हणाले. व्यापाऱ्याच्या नव्या वर्षाच्या पहिल्याच दिवशी खोटं बोलावं लागल्याने त्यांना मनापासून वाईट वाटलं.

"मग मी हिला चालू केल्याशिवाय हलत नाही," मनोहरराव म्हणाले आणि त्यांनी पुण्याला आपल्या ऑफिसात रजेची तार केली.

झालं! लेक घरात राहिली, आणि नत्थूजींच्या सुखाला कीड लागली. मनोहररावांनी स्क्रूड्रायव्हर मागवले, जाडजाड पुस्तकं मागवली, कागदावर काय काय आकडे मांडले. तुळसाबाईंनी अनारसे झाल्यावर पुरणपोळी केली. देवकी आईशी गप्पा मारत खिदळायची आणि नत्थूजींना आपली अंगठी बोटात टोचायची. अखेर भाऊबीजेच्या दुपारी त्यांनी मनाचा हिय्या केला आणि कबूल करायला वर गेले.

मनोहरराव पुरणपोळीच्या गुंगीत पालथे झोपले होते. देवकी कॉम्प्युटरजवळ बसून त्याच्या उघड्या डब्यात डोकावत होती.

"देवके," नत्थूजी म्हणाले. "तुह्या नवऱ्याले सांगून दे. ते मीच बिघडवली. अंगठीनं वाजवली. कवडूनं वाजवली, बळीरामनं तर किल्ल्यांच्या जुडग्यानं."

देवकीने ओठांवर बोट ठेवलं. "तिले काहीच नाही झालं, बाबा. हे पाहा." तिने आत बोट दाखवलं. हार्डडिस्कच्या मागची पट्ट्यासारखी वायर जेमतेम टेकलेली होती. जोडल्यासारखी दिसत होती, पण जोडलेली नव्हती. "पाडव्याले पहाटे मीच ढिली केली. एका दिवसात परत जायचं म्हणे! मले तुमच्याजवळ राहायचं होतं."

नत्थूजींचं दोन दिवसांचं ओझं उतरलं, आणि डोळे उगीच भरून आले.

"अन् जावईबापूले दिसली नाही?"

"ते लय हुशार आहेत ना, एवढी साधी गोष्ट नाही पाहत." देवकीने वायर चिमटीत धरली. "आज भाऊबीज झाली. आता सांगा, दाबून देऊ का?"

नत्थूजींनी झोपलेल्या जावयाकडे एकवार पाहिलं. मग लेकीच्या डोक्यावर हात ठेवला आणि आवाज खाली आणून म्हणाले, "घाई करू नको वं. तुळशीचं लग्न होऊन जाऊ दे."