मेहुणा, वटवाघळं आणि वरची खोली

घड्याळजींचा मेहुणा चार दिवसांसाठी म्हणून आला, त्याला आता सहा महिने होत आले होते. वरची खोली त्याने बळकावली आणि घड्याळजींचं कामाचं टेबल स्वयंपाकघरात आलं. तिथे बारीक स्प्रिंगा पिठात पडत आणि गिऱ्हाइकांची घड्याळं कांद्याचा वास घेऊन घरी जात. बायकोपुढे तोंड उघडायची सोय नव्हती. धाकट्या भावाला तिने अंगाखांद्यावर वाढवलेलं, आणि तो काम शोधतोय यावर तिचा पूर्ण विश्वास होता. तो शोधतही होता, पण पडल्या पडल्या.

म्हणूनच एका संध्याकाळी मेहुणा पांघरुणासकट जिना उतरून "ताई, छतात वटवाघळं आहेत," असं सांगत आला, तेव्हा घड्याळजींना देव पावल्यासारखं झालं.

"आता त्या खोलीत राहणं धोक्याचं," ते चेहरा गंभीर करून म्हणाले. "दुसरीकडे सोय बघायला हवी."

"कुणाची?" बायकोने विचारलं.

"वटवाघळांचीच ना," मेहुणा म्हणाला.

धूर करा, काठी घाला, असे फुकटचे सल्ले शेजाऱ्यांनी दिले. पण बायको कायद्याला भिणारी. तिने सरळ वनखात्यातल्या बाईंना बोलावलं. बाईंनी शिडी लावून छताखालची फट पाहिली आणि खाली उतरून हात झटकले.

"पिल्लं आहेत. ती उडायला लागेपर्यंत काही करायचं नाही. हुसकावलंत तर गुन्हा होतो. आणि फट आत्ता बुजवलीत तर आया बाहेर राहतील, पिल्लं आत उपाशी मरतील."

"मग?"

"खोली बंद ठेवा. उघड्या हाताने कुणी धरू नका, चावलं तर तडक दवाखाना. पिल्लं मोठी झाली की मी फटीवर जाळी सोडते. तिच्याखालून बाहेर पडता येतं, परत आत शिरता येत नाही."

"अशी जाळी दाराला बसते का हो?" घड्याळजींच्या तोंडून निघून गेलं.

"दाराला कशाला?"

"नाही, सहज विचारलं."

खोली बंद झाली, पण मेहुणा गेला नाही. तो बैठकीतल्या सोफ्यावर आला, आणि घड्याळजींचा पेपर वाचायचा कोपराही गेला. एक मात्र झालं. रोज अंधार पडायच्या वेळी किती वटवाघळं बाहेर पडतात ते मोजायचं काम बाईंनी मेहुण्यावर सोपवलं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्याने एखादं काम मनावर घेतलं. अंगणात खुर्ची टाकून तो मान मोडेपर्यंत वर बघत बसे.

"भावोजी, पिल्लं उडायला लागली," एके दिवशी जेवताना तो म्हणाला. "दीड महिन्याची पोरं, स्वतःच्या पंखांवर."

"दीड महिन्यात," घड्याळजी म्हणाले. "ऐकतेस का गं?"

बायकोने डोळे वटारले. घड्याळजींनी आमटीची वाटी पुढे ओढली.

बाईंनी जाळी सोडली. काही दिवस नजर ठेवून आत एकही उरलं नाही अशी खात्री केली आणि फट बुजवून घेतली. जाता जाता त्यांनी मेहुण्याला परगावी असल्याच मोजणीचं काम देऊ केलं, राहण्याची सोय धरून. घड्याळजींना त्या बाईंच्या पाया पडावंसं वाटलं.

निघायच्या दिवशी बायको सकाळपासून डोळे पुसत होती. घड्याळजींना दम निघेना. त्यांनी टेबल एकट्यानेच ढकलत अर्ध्या जिन्यापर्यंत नेलं होतं. तेवढ्यात मेहुणा बॅग घेऊन समोर उभा राहिला.

"येतो, भावोजी. फार त्रास दिला तुम्हाला."

अशा वेळी चांगल्या घरातला माणूस जे बोलतो, तेच घड्याळजी बोलून गेले.

"छे, त्रास कसला? आता तर वरची खोलीपण छान झाली. राहा की निवांत."

मेहुण्याने पुढे होऊन घड्याळजींचा हात धरला. "मला वाटायचं, मी तुम्हाला जड झालोय. म्हणूनच निघालो होतो हो, नाहीतर मन कुठे होतं माझं?" त्याने बॅग खाली ठेवली. "ताई, ऐकलंस ना?"

ताईने ऐकलं होतं. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात बघायची तशी ती नवऱ्याकडे बघत होती. त्या नजरेपुढे शब्द मागे घेणं घड्याळजींच्या बापालाही जमलं नसतं.

मग मेहुण्याने बाह्या सरसावल्या आणि टेबल पुन्हा खाली आणायला आपणहून हात लावला.