मौनात घेतलेलं मशीन

शशिकलाबाईंना शिवणाचं मशीन हवं होतं ते गोधडीसाठी. त्यांच्या लेकीला, पूर्वीला, नववा महिना लागला होता, आणि बारशाला बाळ आपल्या हातच्या गोधडीवरच निजेल, असं त्या देवापुढे बोलून बसल्या होत्या. त्यांच्या आईची लुगडी धुऊन, घड्या घालून तयार होती. जुन्या मशीनने मात्र मान टाकली होती.

शनिवारी लोखंड घरात आणायचं नाही, हा शशिकलाबाईंचाच नियम. रविवारी दुकान बंद. त्यांच्या नवऱ्याला, कमळाकररावांना, उरणच्या नोकरीतून रजा मिळाली ती श्रावणातल्या सोमवारची. आणि श्रावणी सोमवारी शशिकलाबाईंचं दिवे लागेपर्यंत मौन असे. लिहून सांगणंही नाही. ती देवाला फसवायची पळवाट, असं त्या म्हणत.

"मी आहे ना बोलायला," कमळाकरराव म्हणाले.

उरण नाक्याजवळच्या दुकानात हितेश नावाचा मालक होता, वागायला फार मऊ. शशिकलाबाईंनी त्याला आठ बोटं दाखवली. गोधडीचे आठ थर.

"आठ डिझाइनं? मावशी, यात ऐंशी आहेत. बदकं, द्राक्षं, सगळं."

त्यांनी पदराच्या घड्यांवर घड्या घालून तो जाडजूड गठ्ठा सुईखाली धरला.

"साडीवर भरतकाम करायचंय वाटतं."

त्यांनी जोरजोरात मान हलवली.

"हो म्हणतेय," कमळाकरराव म्हणाले.

हितेशने त्यांना बाजूला घेतलं. "काका, जन्मापासून असंच?"

"छे, लग्नानंतर सुरू झालं."

हितेशचे डोळे पाणावले. त्याने मशीनवर कव्हर फुकट दिलं.

घरी दिवे लागल्यावर शशिकलाबाई पहिलं वाक्य बोलल्या, "अहो, हे बदकांचं मशीन आहे." तिसऱ्या थरालाच सुई मोडली होती.

दुसऱ्या दिवशी कमळाकररावांनी अर्धी रजा टाकली. आज आपणच बोलायचं, असं शशिकलाबाई वाटेत दोनदा म्हणाल्या. पण दुकानात शिरताच हितेशने खुर्ची पुसून दिली आणि एकेक शब्द सुटा करत मोठ्याने विचारलं, "मावशी, चहा, घेणार?" आतून त्याची आई बाहेर आली. "हीच का ती बाई? कित्ती शांत चेहरा." तिने शशिकलाबाईंचा हात हातात घेतला.

आता बोललं तर या माणसाचं तोंड केवढंसं होईल! शशिकलाबाईंनी खुणेने कागद मागितला आणि लिहिलं : 'आठ थरांची गोधडी. सरळ टाका. डिझाइनं नकोत.'

"अगं बाई, हे काल का नाही सांगितलं काकांनी?" हितेशची आई म्हणाली. कमळाकरराव छताकडे बघत राहिले.

हितेशने साधं, जड, जाड कापड ओढणारं मशीन बदलून दिलं. "गुरुवारी मी स्वतः घरी येऊन शिकवतो."

म्हणजे गुरुवारीही मौन. हितेश सुईत दोरा ओवून दाखवत होता तेवढ्यात आतून पूर्वीने हाक मारली, "आई, पाणी दे गं." शशिकलाबाईंनी ओट्यावर भांडं आपटून ओ दिली.

"ताई, आईंचं किती समजून घेता तुम्ही," पाणी न्यायला बाहेर आलेल्या पूर्वीला हितेश म्हणाला. पूर्वी टॉवेलमध्ये तोंड खुपसून आत पळाली.

त्या संध्याकाळी शशिकलाबाई देवासमोर बराच वेळ बसल्या. "खोटं एक अक्षर बोलले नाही रे," त्या दमून म्हणाल्या. "पण मी फार थकले."

गोधडी वेळेत झाली. बारशाचं आमंत्रण हितेशला द्यायचं नाही, असं ठरलं होतं. तो वाटेत भेटला म्हणून कमळाकरराव ते देऊन आले.

बाळ गोधडीवर निजवलं. बायका म्हणाल्या, "शशिकलाबाई, पाळणा तुम्हीच म्हणायचा." दारात हितेश खोका घेऊन उभा होता. बाळाने ओठ काढले, मग सूर लावला. शशिकलाबाईंनी एकदा दाराकडे पाहिलं, एकदा बाळाकडे, आणि हळू आवाजात पाळणा म्हणायला सुरुवात केली. बाळ थांबलं.

हितेशने खोका खाली ठेवला. कमळाकररावांच्या खांद्यावर हात ठेवून तो म्हणाला, "काका, बाळाचा पायगुण."

महिनाभर बायकोच्या वतीने बोलत आलेल्या कमळाकररावांनी तोंड उघडलं, जरा विचार केला, आणि मिटून घेतलं.