जावईबापू चालत निघाले

नळदुर्ग जेमतेम दोन थांब्यांवर आलेलं असताना योगीराजनं एसटीतून उतरायचं ठरवलं. तसं पाहिलं तर निर्णय किरकोळ होता. गाडी फाट्यावर थांबलेली, दार उघडं, आणि योगीराज दाराशेजारच्याच सीटवर. पण बायकोला न विचारता योगीराजनं घेतलेला एकही निर्णय आजवर सुखानं पार पडलेला नव्हता, आणि हाही त्याच जातीचा निघाला.

कारण मात्र पटण्यासारखं होतं. नळदुर्गच्या बाहेर एका मंगल कार्यालयात शनिवार-रविवार असा लांब पल्ल्याचं पदभ्रमण करणाऱ्यांचा मेळावा होता. पदभ्रमण म्हणजे चालणंच, पण कामाशिवाय आणि महिनोन्‌महिने. असली माणसं डोंगर ओलांडतात, समुद्राच्या कडेकडेनं राज्य संपेपर्यंत चालतात, आणि परत आल्यावर ते लोकांना सांगतात. योगीराज हा भूमच्या एका पतसंस्थेत हेडक्लार्क. डॉक्टरांनी ‘साखर काठावर आहे’ म्हटल्यापासून तो रोज सकाळी बाजारतळाला एक फेरी मारायचा आणि उगवत्या सूर्याचा फोटो चालणाऱ्यांच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचा. ग्रुपचे प्रमुख अमरनाथ हे सोलापूरचे निवृत्त प्राध्यापक. त्यांनी एकदा फोन करून विचारलं, “तुम्ही बरंच चालत असाल?”

“रोज,” योगीराज म्हणाला. हे खरंच होतं. (किती, ते त्यांनी विचारलं नाही, आणि न विचारलेलं सांगायची क्लार्क लोकांत पद्धत नाही.)

असं आमंत्रण आलं. आता एवढ्या मोठ्या चालणाऱ्यांच्या मेळाव्याला एसटीनं जाऊन उतरायचं, हे त्याला तुळजापूर सोडल्यापासून खुपत होतं. निदान बुटांना धूळ तरी पाहिजे, असा विचार करून तो उठला आणि वरची सॅक ओढू लागला.

“तुमचं तिकीट नळदुर्गचं हाय,” कंडक्टर म्हणाला.

“हो. इथून चालत जाणार आहे.”

“गाडी नळदुर्गालाच चाललीय.”

“माहिती आहे.”

कंडक्टरनं त्याच्याकडं नीट पाहिलं, मग त्याची सॅक खाली द्यायला मदत केली. सॅक जड होती. मोनिकानं, म्हणजे योगीराजच्या बायकोनं, तीत कडक भाकरी, शेंगाची चटणी, सोलापुरी चादर, टॉवेल आणि एक उशी भरली होती. मोबाईल उशीच्याही खाली होता, आणि बंद होता. ‘दोन दिवस फोन बंद ठेवावेत’ अशी ग्रुपवर सूचना आल्यामुळं त्यानं तो भूमच्या स्टँडवरच बंद केला होता.

फाट्यापासून तो पंचवीस-तीस पावलं गेला असेल नसेल, तेवढ्यात मागून एक मोटरसायकल येऊन शेजारी थांबली. दोन्ही बाजूंना दुधाचे रिकामे कॅन. गाडीवर शिवलिंगप्पा म्हणून एक पन्नाशीचा गृहस्थ.

“पाव्हणं, कुणीकडं?”

“नळदुर्गला.”

“बसा की मागं. म्या तिकडंच चाललोय.”

“नको. चालतच जायचंय.”

“का बरं?”

हा प्रश्न ग्रुपवर कुणी कधी विचारला नव्हता. योगीराजनं थोडा विचार केला आणि म्हणाला, “असंच.”

शिवलिंगप्पानं गाडी बंद केली. ‘असंच’ म्हणणाऱ्या माणसाला रस्त्यावर एकटं सोडू नये, एवढं त्याला अनुभवानं ठाऊक होतं.

“गाव कंचं?”

“भूम. पतसंस्थेत असतो.”

“आन मालकीणबाई?”

“माहेरी गेलीय. सास्तूरला.”

“कवा?”

“काल संध्याकाळी.”

“आन तुमी आज सकाळच्याला निघाला. उशी घिऊन.”

सॅकच्या तोंडातून उशीचा कोपरा दिसत होता, हे योगीराजच्या तेव्हा लक्षात आलं. “हो,” तो म्हणाला. एकेक उत्तर खरं होतं.

“सास्तूरला कुनाच्यात?”

“ईरण्णा पाटलांच्यात.”

“ट्रॅक्टरवालं ईरण्णा? आमच्या साडूचं शेजारी की वो ते.” शिवलिंगप्पा गाडीवरून उतरला. “चला, आदी च्या घिऊ. च्या पिल्यावर डोस्कं शांत हुतंय.”

“डोकं शांतच आहे माझं.”

“व्हय व्हय. समदे तसंच म्हनत्यात.”

फाट्यावरच्या हॉटेलात त्यानं योगीराजला आग्रहानं चहा पाजला, वर भजी खायला लावली, आणि ‘आलोच’ म्हणून तो लिंबाच्या झाडामागं फोनवर बोलायला गेला. परत आला तेव्हा त्याचा चेहरा जबाबदार माणसासारखा झाला होता.

तिथून पुढं योगीराज चालत राहिला आणि शिवलिंगप्पा पहिल्या गिअरमध्ये त्याच्या बरोबरीनं गाडी चालवत राहिला. दोन्ही बाजूंना ज्वारी उभी होती, हवा गार होती, चालायला अगदी छान. पण दर थोड्या वेळानं कुणीतरी थांबायचं. आधी एक टेम्पोवाला, मग हुरड्याला निघालेली एक जीप, मग एक बैलगाडीसुद्धा. प्रत्येकजण ‘बसा’ म्हणायचा, आणि योगीराजनं तोंड उघडायच्या आत शिवलिंगप्पा हळू आवाजात सांगायचा, “जाऊ द्या. घरचा मामला हाय.” मग ते लोक योगीराजकडं फार मायेनं बघायचे. बैलगाडीतल्या म्हातारीनं त्याच्या हातात दोन बोरं दिली आणि म्हणाली, “लेकरा, पानी पीत जा.”

मंगल कार्यालयाच्या दारात शिवलिंगप्पा थांबला. “म्या हितंच हाय,” तो म्हणाला. “कुटं जाऊ नगा.”

आत पाहिलं, तर अंगणात मोटारी एका ओळीत लावलेल्या. सोलापूरच्या, पुण्याच्या, लातूरच्या, दोन हैदराबादच्यासुद्धा. लांब पल्ल्याचे सगळे चालणारे एसीतून उतरून खुर्च्यांवर बसले होते आणि पडद्यावर एका टाचेचा फोटो मोठा करून दाखवला जात होता. सॅकचं वजन कमी करण्यासाठी दात घासायच्या ब्रशचं दांडकं अर्धं कापावं, असं एकजण समजावून सांगत होता. योगीराजनं उशी सॅकमध्ये खोल दाबली.

अमरनाथ सर स्वतः पुढं आले. “योगीराज ना? कुठून आलात आत्ता?”

“भूमहून.”

“कसे आलात?”

योगीराजनं आपल्या धुळकट बुटांकडं पाहिलं. “चालत.”

दोन्ही उत्तरं वेगवेगळी खरी होती. फक्त एकापाठोपाठ आल्यामुळं ती खोटी झाली. पण हे सुधारायला मध्ये जागाच मिळाली नाही, कारण सरांनी तोवर माईक हातात घेतला होता. “मित्रहो,” ते म्हणाले, “आपण सगळे इथं गाडीनं आलो. आपल्यात चालत आलेला एकच माणूस आहे. आणि तो भूमहून आलाय. शंभर किलोमीटरच्या वर.” सभागृह उठून उभं राहिलं. उद्घाटकासाठी आणलेली शाल योगीराजच्या खांद्यावर पडली. (उद्घाटक अजून आले नव्हते, ते गाडीनं येत होते.)

मग त्याला व्यासपीठावर बसवून प्रश्न विचारले गेले.

“वाट कशी होती?”

“सरळ.”

“एकट्यानं कंटाळा नाही आला?”

“एकटं सोडत नाहीत लोक.”

“आणि खाण्याचं काय करता?”

“कडक भाकरी.”

लोकांनी हे लिहून घेतलं. पुण्याच्या एका बाईंनी भाकरी बघायला मागितली, तेव्हा ती तुकडे करून प्रसादासारखी सगळीकडं फिरली. योगीराजला बरं वाटलं. हेडक्लार्क झाला तेव्हाही त्याला कुणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. खरं काय ते जेवणाच्या सुट्टीत सरांना बाजूला घेऊन सांगावं, असं त्यानं ठरवलं. त्याच वेळी बाहेर एक क्रूझर येऊन थांबली.

झालं होतं ते असं. नवरा चालणाऱ्या लोकांत जाऊन दोन दिवस बसणार आहे, हे माहेरी कसं सांगावं, ते मोनिकाला समजेना. म्हणून तिनं वडिलांना ‘ऑफिसचं ट्रेनिंग आहे’ एवढंच सांगितलं होतं. अशात शिवलिंगप्पाचा फोन साडूमार्फत ईरण्णांना पोचला. जावई उशी घेऊन रस्त्यानं चालत निघाले आहेत, विचारलं तर ‘असंच’ म्हणतात. ईरण्णांनी मुलीकडं पाहिलं. मुलगी खरं काय ते सांगू लागली, पण ट्रेनिंगचं खोटं ठरल्यावर चालणाऱ्यांच्या मेळाव्यावर कोण विश्वास ठेवतो? जावयाचा फोन लावला तर बंद. तेव्हा ईरण्णांनी गावातले समजुतीचे दोन म्हातारे घेतले, मुलीला घेतलं आणि गाडी काढली.

शिवलिंगप्पा पुढं, मागं ईरण्णा, दोन म्हातारे आणि सगळ्यांत शेवटी मोनिका, असे ते सभागृहात शिरले. अमरनाथ सर लगबगीनं सामोरे गेले. “या, या. आपण?”

“म्या ह्यांचा सासरा.”

“वा, भाग्यवान आहात. तुमचे जावई भूमहून इथवर चालत आलेत.”

ईरण्णा जवळच्या खुर्चीवर बसले. मग मुलीकडं वळून हळूच म्हणाले, “मोनिका, भूमपासनं चालत? आसं काय बोललीस तू त्यास्नी?”

“मी काही बोलले नाही, अप्पा.”

“न्हाय न्हाय,” शिवलिंगप्पा धीर द्यायला पुढं झाला. “भूमपासनं न्हाय. यष्टीतनं उतरताना म्या बघितलंय की. ह्या फाट्यावर.”

सभागृहात कुणीतरी तोंडातली कडक भाकरी चावायची थांबवली. साठ-सत्तर चालणारे योगीराजकडं बघू लागले. इकडं ‘चालत आलो’ म्हणावं तर सासरे घाबरतात, ‘एसटीनं आलो’ म्हणावं तर शाल जाते. योगीराज दोन्हींकडं आळीपाळीनं बघत उभा राहिला. शेवटी त्यानं शाल काढून घडी केली.

“एसटीनं आलो,” तो म्हणाला. “शेवटचं तेवढं चाललो.”

ईरण्णांचा जीव भांड्यात पडला. “म्हंजी भांडान लई मोठं न्हाय,” ते म्हाताऱ्यांना म्हणाले.

“भांडण झालंच नाही,” योगीराज म्हणाला.

“गडी मान्स सांगत न्हाईत,” एक म्हातारा म्हणाला. “पोरीला इचारा.”

सगळे मोनिकाकडं बघू लागले. तिनं समोर पाहिलं. बसलेली एवढी माणसं, शेजारी वडील, गावातली दोन वजनदार माणसं, आणि व्यासपीठावर नवरा. पळून जायला दार एकच आणि त्यात आता शिवलिंगप्पा जाऊन उभा राहिलेला. लग्नाला सोळा वर्षं झाली होती, पण इतकी सोय कधी जुळून आली नव्हती.

“भांडण खरंच नाही झालं,” ती म्हणाली. “पण आता सगळे बसलेच आहेत, तर…”

अमरनाथ सरांना सत्र चालवायची सवय. त्यांनी नकळत माईक तिच्या हातात दिला.

मोनिका शांतपणे बोलली. नळाला पाणी आठवड्यातून एकदा येतं, तेही पहाटे, आणि नेमक्या त्याच पहाटे ह्यांना सूर्य बघायला जावं लागतं. फेरी बाजारतळालाच असते, पण कोथिंबीर आणायला तिलाच जावं लागतं. गिरणी वाटेत आहे. दळण आणा म्हटलं तर म्हणतात, वजन घेऊन चालणं हा वेगळा प्रकार आहे. “आणि आज बघा,” ती म्हणाली, “उशी घेऊन चालले.”

तिच्या बोलण्यानंतर पुण्याच्या त्या बाई उठल्या. घर बदललं त्या महिन्यात त्यांचा नवरा हिमालयात होता, असं त्यांनी सांगितलं. मग लातूरच्या एकीला बोलायचं होतं. नवरे पडद्यावरच्या टाचेकडं बघत बसले. जेवणाच्या सुट्टीपर्यंत हे सत्र चाललं, आणि टाळ्या योगीराजच्या सत्कारापेक्षा जास्त पडल्या.

निकाल ईरण्णांनी दिला. यापुढं सकाळची फेरी गिरणीवरून व्हायची, दळण पाठीवर घेऊन. अमरनाथ सरांनी त्याला जोरात अनुमोदन दिलं. भारासह सराव फार उपयोगी, असं ते म्हणाले, आणि घडी घातलेली शाल उचलून मोनिकाला पांघरली. योगीराजला त्यांनी ‘पुढच्या वर्षी या’ असं म्हटलं, पण कसं यायचं, ते सांगितलं नाही.

सास्तूरला परतताना क्रूझरमध्ये योगीराजला मागं, दोन म्हाताऱ्यांच्या मधोमध जागा मिळाली. सॅक मांडीवर. शिवलिंगप्पा फाट्यापर्यंत मोटरसायकलवरून सोबत आला आणि हात हलवून वळला. बऱ्याच वेळानं ईरण्णा पुढच्या सीटवरून मागं वळले. आवाजात राग नव्हता. लेक दिलेल्या घराशी बोलावं, तसं ते समजुतीनं बोलले.

“जावईबापू, एक सांगू का? संसार हाय, मानूस रुसनारच. तुमाला रुसून जायचं आसंल तर खुशाल जावा, आमचं कायबी म्हननं न्हाय. पन गाडी करून जात जावा. चालत गेल्यावर लोकांस्नी वाटतंय, पोरगी हलक्या घरात दिली.”