उत्तर न देणाऱ्या नेने वहिनी

नेने वहिनींना काही विचारायची सोय नाही. जपानात, त्सुकुबा शहरात आम्ही नवीन होतो. शेजारच्याच म्हणून त्यांना विचारलं, "प्लास्टिकचा कचरा कुठल्या वारी ठेवायचा हो?"

"तुम्हाला काय वाटतं, भावोजी?"

मला गुरुवार वाटला. संध्याकाळी बघतो तर पिशवी तिथेच, वर 'वार चुकला' असं लाल स्टिकर, आणि येणारा-जाणारा वाचतोय. वहिनी खूश! "आता जन्मात विसरणार नाही तुम्ही."

या बाई दर रविवारी आमच्या पोरांना मराठी शिकवतात. म्हणजे शिकवत नाहीतच. फळा नाही, गृहपाठ नाही. स्वतः पोरांत फतकल मारून बसायचं आणि विचारत सुटायचं. "पोरं म्हणजे काय बरण्या आहेत, वरून भरायला?" हे त्यांचं पालुपद. बाराखडीचा पत्ता नाही म्हणून मी घरी कुरकुरायचो.

परवा त्यांनी वर्गात मधोमध मोडकी छत्री ठेवली. "ही कशी टाकायची? मला नाही बाई ठाऊक." झालं! कचरा वेगळा करण्यात ही पोरं तरबेज, सगळी तुटून पडली. घरी आम्हाला जपानीत उत्तरं देणारी माझी चिंगी कंबरेवर हात ठेवून ओरडत होती, "कापड वेगळं काढायचं, काकू! एवढंही येत नाही तुम्हाला?"

"मराठीत भांडता आलं की आलीच भाषा," वहिनी मला हळूच म्हणाल्या.

नंतर त्यांना गाडीतून घरी सोडलं, तर "चहा घेतल्याशिवाय जायचं नाही." कॉलेजात जाणारा त्यांचा निनाद घरात होता.

"जेवलास का रे?"

जपानीत एक शब्द आला आणि त्याच्या खोलीचं दार बंद झालं.

वहिनी चहाच्या आधणाकडे बघत म्हणाल्या, "लहानपणी याला रोज शुद्धलेखन घालायचे मी. चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. एक दिवस माझ्याशी मराठी बोलणंच सोडलं त्यानं. हे टोकियोहून येईपर्यंत घरात आम्ही दोघंच असतो, भावोजी. फार एकटं वाटतं हो."

न विचारता त्यांनी दिलेलं हे पहिलंच उत्तर.

इतक्यात निनाद पाणी प्यायला आला. वर्गातून परत आणलेली छत्री कचऱ्याच्या डब्यात तशीच खुपसलेली होती. वहिनींनी मुद्दाम ठेवली की चुकून, देव जाणे. तो थबकला आणि चक्क मराठीत म्हणाला,

"आई, अशी नाही टाकत. कापड वेगळं काढायचं."

सकाळीच सगळ्या वर्गानं हेच ओरडून सांगितलं होतं.

"हो का?" म्हणत वहिनी खाली जमिनीवर बसल्या. "मला नाही बाई ठाऊक. दाखव ना रे."

तो समोर बसला. चहा उतू गेला. मीच उठून गॅस बंद केला.